कार्बन पोलादाचं हार्डनिंग, टेम्परिंग आणि केस हार्डनिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक प्रश्न पाणी देण्याच्या, म्हणजे लाल तापलेलं पोलाद झटकन थंड करण्याच्या, त्या दोन-चार सेकंदांबद्दल येतात: तेल घेऊ की पाणी, किती हलवू, कसं बुडवू. बिघडलेले जॉब (ज्यांवर काम चालू आहे ते तुकडे) हातात घेतले की चूक बहुधा त्याच्या आधी किंवा नंतर सापडते. पोलाद कोणतं आहे हे माहीत नसतं, नाहीतर टेम्परिंग उद्यावर ढकललेलं असतं. म्हणून उत्तरांत त्या दोन बाजूंवर जास्त लिहिलं आहे. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

१. हार्डनिंग, टेम्परिंग, ॲनिलिंग, नॉर्मलायझिंग यांत नेमका फरक काय?

तापवणं चारहींत आहे. किती तापवता आणि कसं निववता, यावर नाव बदलतं. हार्डनिंगमध्ये पोलाद लाल तापवून झटकन थंड करतात. जुन्या भाषेत हत्याराला पाणी देतात. टेम्परिंग त्याच्या नंतरचं: कडक झालेला जॉब पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. ॲनिलिंगमध्ये लाल तापवून भट्टीतच सावकाश निवू देतात, म्हणजे कानस आणि ड्रिल सहज चालतात. नॉर्मलायझिंगमध्ये मोकळ्या हवेत निववतात. घडवताना वाढलेला दाणा (धातूतले बारीक स्फटिक) त्यामुळे पुन्हा बारीक आणि एकसारखा होतो.

२. पाण्यात टाकल्यावर पोलाद कडक का होतं?

साधारण ७२७ अंशांच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि या नव्या मांडणीत कार्बन विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. सावकाश निवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि मऊ लोखंड व कठीण कार्बाइड (लोखंड आणि कार्बन यांचं संयुग) यांचे पातळ थर एकावर एक बसतात. हे पर्लाइट. सूक्ष्मदर्शकाखाली ते शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं झळकतं, म्हणून हे नाव. झटकन निववलं तर कार्बन आतच अडकतो. तो मांडणी ताणून धरतो आणि त्या ताणातून कडकपणा येतो. हे मार्टेन्साइट, जर्मन धातुतज्ज्ञ ॲडॉल्फ मार्टेन्स यांच्यावरून पडलेलं नाव.

म्हणजे कडकपणा अडकलेल्या कार्बनचा आहे. पाणी फक्त त्याला निसटू देत नाही. पुढची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

३. एमएसचा (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं साधं पोलाद) तुकडा लाल करून पाण्यात टाकला, तरी कानस चालतेच. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, अडकवायला पुरेसा कार्बन नव्हता. एमएसमध्ये कार्बन साधारण ०.०५ ते ०.२५ टक्के असतो. पाणी दिल्यावर तो थोडा कडक होतो, पण कानस घसरेल इतका नाही. मध्यम कार्बनचं पोलाद, म्हणजे ०.३ ते ०.६ टक्क्यांचं (सी-४५, ईएन-८, ईएन-९), पन्नाशीच्या वर एचआरसी (रॉकवेल मशीनवर मोजलेला कडकपणाचा आकडा) देतं. ०.६ च्या पुढे चौसष्ट-पासष्टपर्यंत जातं आणि तिथे थांबतं. त्याहून जास्त कार्बन घातला तर झीज कमी होते, आकडा फारसा वाढत नाही.

एमएसलाच कडक करायचं असेल तर त्याला आधी कार्बन खाऊ घालावा लागतो. ते केस हार्डनिंग, प्रश्न ९ पासून पुढे.

४. भंगारातला तुकडा हार्ड होणारा आहे की नाही, कसं ओळखू?

ग्राइंडरवर धरून ठिणग्या पाहा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या निघतात आणि त्यांना फुलं फारशी येत नाहीत. कार्बन वाढत जातो तसे टोकाला फाटे फुटतात, आणि जास्त कार्बनचं पोलाद फुलबाजीसारखं चाकाजवळच दाट फुटतं. शेजारी माहीत असलेल्या पोलादाचा एक तुकडा ठेवून आळीपाळीने घासा. एकट्या ठिणगीवरून आकडा सांगता येत नाही, तुलना मात्र चांगली होते.

याहून खात्रीची चाचणी मोडून पाहण्याची. एका टोकाचा बारीक तुकडा कापून त्याला पाणी द्या, व्हाइसमध्ये धरा, फडक्याने झाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि हातोडा मारा. काचेसारखा तुटला आणि तुटलेली बाजू करडी, रेशमासारखी बारीक दिसली, तर पोलाद चांगलं आणि ताप बरोबर. दाणे साखरेसारखे चमकत असतील तर पोलाद चांगलं पण ताप जास्त झाला. न तुटता वाकला तर कार्बन कमी आहे किंवा ताप पुरला नाही. मूळ जॉबला हात लावण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करायलाच हवं, असं माझं मत आहे.

५. किती तापवायचं? चुंबक चिकटणं थांबलं की पुरे का?

चुंबक उपयोगी आहे, पण तो अर्धंच सांगतो. लोखंड ७७० अंशांवर चुंबकाला दाद देणं थांबवतं. जास्त कार्बनच्या पोलादात हे थोडं आधीच होतं. हवं असलेलं तापमान मात्र कार्बनप्रमाणे बदलतं. ०.८ ते १ टक्का कार्बनला ७८० ते ८०० अंश पुरतात, म्हणजे चुंबक सुटल्यावर थोडंसंच पुढे. सी-४५ ला ८२० ते ८५० लागतात, म्हणजे चुंबक सुटला तेव्हा काम अर्धवट असतं. एमएसच्या गाभ्यासाठी आणखी वर जावं लागतं. कार्बन जितका कमी तितका ताप जास्त, हे अनेकांना उलट वाटतं.

घरच्या भट्टीवर आणखी एक खूण आहे: खाण्याचं मीठ ८०१ अंशांवर वितळतं. तापलेल्या जॉबवर चिमूटभर टाकून पाहा. दाणे पाघळले की तुम्ही आठशेच्या वर आहात.

रंगावर विसंबायचं असेल तर अंधारात काम करा. उन्हात जो जॉब मळकट दिसतो तो अंधारात लालबुंद असतो, आणि उन्हात रंग पाहणारे नेहमी जास्त तापवतात. एकदा मुद्दाम हा प्रयोग करा: जास्त कार्बनची एक पट्टी नारिंगी तापवून अंधाऱ्या कोपऱ्यात नुसती धरून ठेवा. ती काळवंडत जाते, आणि मग मध्येच, कोणी आतून फुंकर घातल्यासारखी, क्षणभर पुन्हा उजळते. ऑस्टेनाइटचं पर्लाइट होताना जी उष्णता बाहेर पडते, तिचा तो उजेड. तापवतानाही उलट खेळ दिसतो: लाल पृष्ठभागावर सावल्या सरकतात, जाड भागात रेंगाळतात आणि नाहीशा होतात. सावल्या पूर्ण गेल्या म्हणजे बदल पुरा झाला. मला हे पहिल्यांदा दिसलं त्यानंतर मी रंगाच्या तक्त्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

जास्त कार्बनच्या पोलादाला हव्याहून पन्नास अंश जास्त दिले तर दाणा वाढतो, धार किरकिरी होऊन तुटते. ताप जास्त झाला असं वाटलं तर त्याच तापातून पाणी देऊ नका. हवेत निववा आणि पुन्हा बरोबर तापवा.

६. पाणी, मीठपाणी की तेल?

साधं कार्बन पोलाद घाईचं असतं. पहिल्या सेकंद-दीड सेकंदात ते साधारण ५५० अंशांच्या खाली उतरायला हवं, नाहीतर पर्लाइट होऊन बसतं. म्हणून जाड जॉबला पाणी लागतं. पाण्याची अडचण अशी, की तापलेल्या पोलादाभोवती वाफेची चादर बसते आणि तिच्याखालचा भाग मऊ राहतो. पाण्यात वजनाने ५ ते १० टक्के मीठ घातलं की ती चादर लवकर फाटते आणि कडकपणा एकसारखा येतो. जॉब सतत हलवत ठेवण्याचंही कारण हेच.

पाती, पातळ पटाशी, अशा तीन-चार मिलिमीटरच्या कामाला तेल बरं. तेल ५० अंशांच्या आसपास कोमट करून घ्या. कोमट तेल पातळ होतं आणि गार तेलापेक्षा लवकर उष्णता ओढतं. पाण्याचं मात्र उलट: ते गरम झालं की वाफेची चादर जास्त टिकते, म्हणून पाणी गारच हवं.

जॉब ज्या दिशेला लांब त्या दिशेने उभा बुडवा आणि वर-खाली हलवा. पातं आडवं हलवलं की एक बाजू आधी गार होते आणि ते वाकतं.

७. गाडीचं जळकं ऑइल चालेल का?

कडकपणा येईल, पण मी सांगणार नाही. त्यात जळलेल्या इंधनाचे आणि धातूचे अंश असतात, धूर घातक असतो आणि प्रत्येक डब्याचा वेग निराळा. खाद्यतेल त्याहून चांगलं. तेल कोणतंही घ्या, डबा धातूचा आणि झाकण हाताशी असू द्या, जॉब पूर्ण बुडवा, आणि तेलात पाण्याचा थेंब नाही याची खात्री करा. तळाशी साचलेल्या पाण्याची वाफ झाली की पेटतं तेल बाहेर उसळतं.

८. टेम्परिंग लगेच का करायचं, आणि रंगावरून केलेलं खरं असतं का?

पाणी दिलेला जॉब आतून ताणाने भरलेला असतो. तो ताण तासाभराने किंवा रात्रीतूनही वाट शोधतो. मी एका संध्याकाळी पटाशीला पाणी देऊन ती तशीच बाकावर ठेवली होती. सकाळी धारेपासून निघालेली केसाएवढी चीर बोटाच्या नखाला लागली. त्या दिवसापासून टेम्परिंगची भट्टी आधी तापते, मग पाण्याचं भांडं भरतं. जॉब हाताला सोसेल इतका निवला की थेट टेम्परिंगला जायला हवा.

घासून चकचकीत केलेला जॉब तापवला की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. २१० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २३५ ला गवती, २५५ ला तपकिरी, २७५ ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा. स्क्रॅपर आणि रेखणीला फिकट पिवळा, टॅप आणि पंचला गवती, लोखंड तोडायच्या छिन्नीला तपकिरी ते जांभळा, पेचकसाला निळा.

रंग खरा, पण काही मिनिटांच्या तापापुरता. २०० अंशांवर दोन तास ठेवलेला जॉब गवती दिसेल, आणि तुम्हाला वाटेल तो २३५ पर्यंत गेला. शिवाय रंग फक्त पृष्ठभागाचा असतो. ज्योतीने घाईघाईत आणलेला निळा आतपर्यंत पोहोचलेला नसतो. जमत असेल तर तापमान दाखवणाऱ्या ओव्हनमध्ये तासाभराचं टेम्परिंग दोनदा करा आणि रंगाकडे दुर्लक्ष करा.

९. केस हार्डनिंग म्हणजे काय आणि कधी करायचं?

कमी कार्बनच्या पोलादाच्या फक्त वरच्या थरात कार्बन शिरवायचा आणि मग पाणी द्यायचं. या वरच्या थरालाच केस म्हणतात. वरचा थर ०.८ टक्के कार्बनसारखा कडक होतो, गाभा ०.२ टक्क्यांचा चिवटच राहतो. गिअरचे दात, पिना, बुश, कॅम: जिथे वरून घासणं आणि आतून दणका दोन्ही सोसायचं असतं, तिथे हे हवं. आणखी एक फायदा कमी बोलला जातो. कडक होताना वरचा थर फुगू पाहतो, गाभा त्याला धरून ठेवतो, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. थकव्याच्या, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने पडणाऱ्या, चिरा ताणाखाली उघडतात. दाबाखाली त्यांना सुरुवातच अवघड जाते.

एमएस चालतो, पण महत्त्वाच्या कामाला २०एमएनसीआर५ सारखं केस हार्डनिंगसाठीच बनवलेलं पोलाद घ्या. ते तेलात कडक होतं, म्हणून कमी वाकतं.

१०. छोट्या भट्टीत कोळसा भरून केस हार्डनिंग जमेल का?

जमतं, आणि ही पद्धत फार जुनी आहे. जाड पत्र्याचा डबा घ्या. लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे करा, भुकटी नको. त्यात दहावा हिस्सा धुण्याचा सोडा किंवा चुनखडीची पूड मिसळा. कारखान्यांत यासाठी बेरियम कार्बोनेट वापरतात, पण ते विषारी आहे. घरी आणू नका. जॉबभोवती सगळीकडून किमान २५ मिलिमीटर कोळसा राहील असा भरा आणि झाकणाची फट भट्टीच्या मातीने लिंपा.

लोकांना वाटतं कोळसा चिकटून कार्बन आत जातो. खरं काम वायू करतो. कोळसा डब्यातल्या थोड्याशा हवेत जळून कार्बन मोनॉक्साइड होतो, तो पोलादावर कार्बन सोडतो आणि स्वतः कार्बन डायऑक्साइड होतो, तो पुन्हा कोळशाकडून कार्बन घेतो. हे चक्र चालावं म्हणूनच लिंपण घट्ट हवं. हाच वायू माणसाला वास न देता मारतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करा.

डबा ९०० ते ९२५ अंशांवर ठेवा. त्याच पोलादाच्या दोन-तीन सळ्या आतपर्यंत घालून एक टोक बाहेर ठेवा. मधूनमधून एक ओढून काढा, पाणी द्या आणि मोडून पाहा: कडेला बारीक करडं कडं आणि मध्ये तंतुमय गाभा वेगळा दिसतो. कड्याची जाडी मोजली की अंदाज करत बसावं लागत नाही.

११. किती तासांत किती खोल?

खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ९२५ अंशांवर तासाला ०.६३ मिलिमीटरच्या आसपास, ४ तासांत १.२५, ९ तासांत १.९. म्हणजे दुप्पट खोलीला चौपट वेळ. ८७० अंशांवर पहिल्या तासाला ०.४५ च मिळतात. तास मोजायला सुरुवात डब्याचा मध्य तापल्यावर करा. भरलेला डबा आतपर्यंत तापायलाच बराच वेळ खातो. हे आकडे कार्बन पोहोचतो त्या पूर्ण खोलीचे आहेत. खरोखर कडक होणारा भाग त्याहून कमी, आणि नंतर ग्राइंडिंगला जाणारा भाग त्यातूनही वजा.

१२. डब्यातून काढून थेट पाण्यात टाकू का?

टाकतात, आणि साध्या पिनेला चालतंही. पण ९२५ अंश वरच्या थरासाठी फार जास्त आहेत. दाणा वाढलेला असतो आणि जास्त तापातून पाणी दिल्याने बराचसा ऑस्टेनाइट न बदलता मऊच राहतो. बरं काम हवं तर डब्यातच निवू द्या, मग ७८० ते ८०० पर्यंत पुन्हा तापवून पाणी द्या. गाभ्याचाही दाणा सुधारायचा असेल तर त्याआधी एकदा ८८० च्या आसपास तापवून निववा. शेवटी १५० ते २०० अंशांवर टेम्परिंग, तासभर तरी.

१३. आटे मऊ ठेवायचे आहेत. कसं करू?

तीन वाटा आहेत. तेवढ्या भागावर तांब्याचा मुलामा द्या. तांबं कार्बनला आत जाऊ देत नाही. किंवा तो भाग भट्टीच्या मातीने जाड लिंपा, ही जरा बेभरवशाची. किंवा तिथे जादा माल ठेवा, कार्बन दिल्यावर पण पाणी देण्याआधी तो थर टर्निंगने काढा, आणि मग पाणी द्या. मला तिसरी पटते, कारण तिच्यात नशिबाचा भाग नाही. यासाठी डब्यात निववणं (प्रश्न १२) गरजेचं आहेच.

१४. सायनाइडचं हार्डनिंग पटकन होतं म्हणतात. घरी करता येईल का?

नाही. वितळलेल्या सायनाइड मिठात पातळ केस लवकर बसते हे खरं, पण त्याचा जरासा अंश पोटात गेला तरी जीव जातो आणि आम्लाशी गाठ पडली की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. ते काम परवाना आणि सांडपाण्याची सोय असलेल्या ठिकाणचं.

१५. जॉबला चीर गेली. चूक नक्की कुठे झाली?

चिरेवर जॉब मोडा आणि आत पाहा. चिरेच्या भिंतीवर काळी खपली असेल तर चीर पाणी देण्याआधीच होती, घडवताना किंवा मालातच. खपली नाही पण टेम्परिंगचा पिवळा-निळा रंग आहे, तर पाणी देताना किंवा टेम्परिंगची वाट पाहताना फुटली. आतून स्वच्छ करडी असेल तर टेम्परिंगनंतरची आहे, बहुधा ग्राइंडिंगची.

पाण्यात फुटण्याची नेहमीची ठिकाणं म्हणजे चाव्यांच्या खाचांचे काटकोनी कोपरे, कडेजवळची भोकं, खोल टूल मार्क आणि पंचाने मारलेले आकडे. कोपऱ्याला एक मिलिमीटरचा गोलावा दिला तरी फार फरक पडतो. भोकं मातीने बुजवून घ्या.

१६. कानस घसरते, पण मशीनवर ४८ एचआरसीच येतं. कोण खरं?

केस हार्डनिंगच्या जॉबवर बहुधा कानस. एचआरसीत हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबतात. पातळ केस असेल तर ती खालच्या मऊ गाभ्यात दबते आणि आकडा कमी येतो. ६० एचआरसीला ठसा साधारण ०.०८ मिलिमीटर खोल जातो, आणि कडक थर त्याच्या दहापट, म्हणजे ०.८ तरी हवा. त्याहून पातळ केस विकर्सवर (कडकपणा मोजायची दुसरी चाचणी) किंवा १५ किलो भाराच्या हलक्या रॉकवेलवर मोजा.

उलटंही घडतं: मशीन ६० दाखवतं आणि कानस चावते. तिथे वरचा कार्बन जळून गेलेला असतो. भट्टीतल्या हवेने पृष्ठभागाचा कार्बन नेला की दहावा भाग मिलिमीटरची मऊ साल उरते. ती घासून काढा आणि खाली पुन्हा कानस लावा. पुढच्या वेळी जॉब कोळशाच्या डब्यात तापवा.

१७. छोट्या तुकड्यावर ५८ आलं, त्याच सळईच्या मोठ्या जॉबवर ३५. माल भेसळीचा आहे का?

बहुतेक नाही. साध्या कार्बन पोलादात कडकपणा खोल शिरत नाही. जाड जॉबची उष्णता आतून येत राहते, पृष्ठभागही हवा तितक्या वेगाने निवत नाही. प्रश्न ६ मधली वाफेची चादर आधी तपासा. तरीही जमत नसेल तर क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद घ्या.

१८. शाफ्ट वाकतो. हार्ड केला तर कमी वाकेल का?

ठरावीक भाराखाली तो किती लवतो, ते बदलणार नाही. लवचिकतेचा गुणांक मऊ आणि कडक पोलादाचा जवळजवळ सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. हार्डनिंगने एवढं होतं, की भार काढल्यावर शाफ्ट कायमचा वाकडा राहण्याची मर्यादा वर जाते. तक्रार लवण्याची असेल तर व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. व्यास दुप्पट केला तर लवणं सोळाव्या हिश्शावर येतं.

१९. सी-४५ चं केस हार्डनिंग होतं का?

कार्बन शिरवता येईल, पण गाभाही कडक होणार, मग चिवटपणा कुठून आणणार? सी-४५ मध्ये लागतो तेवढा कार्बन आधीच आहे. फक्त पृष्ठभाग झटकन तापवून पाणी द्या. ज्योतीने किंवा इंडक्शनने (विजेच्या वेटोळ्याने तापवून) हेच करतात. नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन शिरवणं) मात्र साध्या कार्बन पोलादाला फारसं लागू पडत नाही, त्याला क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम मिसळलेलं पोलाद हवं.

२०. हार्ड केलेल्या जॉबवर प्लेटिंग किंवा वेल्डिंग चालेल का?

प्लेटिंग चालतं, पण त्यात हायड्रोजन आत शिरतो आणि कडक पोलाद काही दिवसांनी, भाराखाली, पूर्वसूचना न देता तुटतं. म्हणून प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत साधारण २०० अंशांवर काही तास ठेवतात. मूळ टेम्परिंग त्याहून कमी तापमानाचं असेल तर कडकपणा थोडा उतरेल, तो हिशेब आधी करा. वेल्डिंग केस असलेल्या जागी करू नका. जोड जिथे येणार तिथला कार्बनचा थर पाणी देण्याआधीच काढून ठेवा, प्रश्न १३ मधल्या तिसऱ्या वाटेने.